एकच रंग, पण छटा किती!

चित्रकलेच्या तासाला फळ्यावर 'एकाच रंगात निसर्गचित्र काढा' असे लिहिले, की वर्गात कुजबुज सुरू होते. आकाश निळे, तर मग झाडेही निळीच काढायची का? बारा रंगांची पेटी आणलेल्या मुलाला आपली पेटी वाया गेली असे वाटते. ज्याच्याजवळ पेटीच नाही, तो मात्र प्रथमच निर्धास्त होतो, कारण आज सगळ्यांचे साहित्य सारखे असते.

एकाच रंगात पांढरा मिसळून उजळ छटा आणि काळा मिसळून गडद छटा तयार करायच्या आणि तेवढ्यावर पूर्ण चित्र उभे करायचे, या पद्धतीला एकरंगसंगती म्हणतात. हा चित्रकलेतला पाठ आहे खरा, पण तो नीट करायला गेले तर प्रकाशाचे विकिरण, डोळ्यांची मोजण्याची रीत, ओल्या मातीचा रंग आणि नकाशावाचन असे बरेच काही त्यात येते. म्हणूनच विज्ञानाच्या आणि भूगोलाच्या शिक्षकांनीही तो घ्यावा असे आम्हांला वाटते. या पाठासाठी आपण हिवरे बाजार या गावी जाऊ या.

डोंगरामागे डोंगर

हिवरे बाजार हे नगर तालुक्यातले छोटेसे, डोंगरांच्या कुशीतले गाव. जिल्ह्याचे नाव पूर्वी अहमदनगर होते, २०२४ पासून ते अहिल्यानगर झाले. हा अवर्षणप्रवण पट्टा. १९८९ साली पोपटराव पवार गावाचे सरपंच झाले आणि त्यानंतर डोंगरउतारावर समतल चर, ओढ्यांवर बांध, वृक्षलागवड, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी अशी कामे गावकऱ्यांनी श्रमदानाची जोड देऊन केली. ती कहाणी वाचकांना परिचित आहे. आज आपण तेथे पाहणार आहोत ते जरा वेगळे आहे.

अशा गावाच्या एखाद्या उंचवट्यावर सकाळी उभे राहा. जवळच्या टेकडीवरील झाडे, दगड, चर स्पष्ट दिसतात. तिच्या मागची टेकडी थोडी फिकट दिसते. तिच्यामागची आणखी फिकट आणि निळसर. सर्वांत दूरची रांग तर आकाशात जवळजवळ विरघळून गेलेली असते. या सगळ्या टेकड्यांवर खडक तोच आहे, माती आणि गवतही बहुतेक तेच आहे. मग रंग का बदलला?

बदल टेकडीत झालेला नाही, मधल्या हवेत आहे. टेकडीकडून डोळ्याकडे येणारा प्रकाश वाटेत हवेचे रेणू आणि धूलिकण यांच्यामुळे थोडाथोडा विखुरला जातो आणि कमी होतो. त्याच वेळी सूर्याचा प्रकाश याच कणांवरून विखुरून आपल्या डोळ्यांत शिरतो. म्हणजे टेकडीच्या गडद रंगात हवा स्वतःचा उजेड मिसळते. अंतर जितके जास्त, तितकी ही भेसळ जास्त. हवेचे रेणू निळा प्रकाश अधिक विखुरतात, म्हणून दूरचे डोंगर निळसर दिसतात. धुळीचे कण मोठे असल्यामुळे ते सर्वच रंग जवळपास सारखे विखुरतात, म्हणून उन्हाळ्यातील धुळकट दुपारी तेच डोंगर पांढुरके दिसतात. पावसाची मोठी सर येऊन गेली की हवा धुऊन निघते आणि दूरचा डोंगर एकदम जवळ आल्यासारखा वाटतो.

याचे गणितही सोपे आहे. समजा, एक किलोमीटर हवेतून जाताना टेकडी आणि आकाश यांच्या उजेडातील फरक दहा टक्के कमी होतो. मूळ फरक १०० धरला, तर १ किलोमीटरवर तो ९० राहील, २ किलोमीटरवर ८१, ५ किलोमीटरवर सुमारे ५९, १० किलोमीटरवर सुमारे ३५ आणि २० किलोमीटरवर फक्त १२. दर किलोमीटरला १० वजा होत नाहीत, तर उरलेल्याचा दहावा भाग जातो. नववी-दहावीच्या मुलांना भूमिती श्रेढीचे याहून चांगले उदाहरण शोधून सापडणार नाही.

चित्र काढताना हाच नियम पाळायचा. आधी क्षितिजाजवळच्या आकाशाची उजळ छटा तयार करावी. दूरच्या डोंगरासाठी तीच छटा किंचित गडद करावी. जवळ येत जावे तसा मूळ रंग वाढवीत न्यावा आणि अगदी पुढच्या झाडासाठी त्यात काळा मिसळावा. एकाच निळ्या रंगातून मैलोन्‌मैल खोली उभी राहते. येथे एक गोष्ट मुलांच्या ध्यानी येते : अंतर दाखवण्याचे काम रंगाचे नाव करीत नाही, त्याचा उजळपणा करतो.

ओला फळा, सुका फळा

आता पांढऱ्याकडे वळू. पांढरा रंग दुसऱ्या रंगाला उजळ करतो, म्हणजे नेमके काय करतो?

ओल्या फडक्याने फळा पुसल्यावर तो स्वच्छ काळाभोर दिसतो. पाच मिनिटांनी वाळला की खडूचे पांढरे फरांटे पुन्हा उमटतात. खडू तर मघापासून तेथेच होता! घराला चुना लावणाऱ्यालाही हा अनुभव असतो. ओला हात फिरवला तेव्हा भिंत झाकलीच गेली नाही असे वाटते, आणि वाळल्यावर ती पांढरीशुभ्र होते. (चुन्याच्या बाबतीत त्यात रसायनही आहे. भिजवलेला चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू कॅल्शियम कार्बोनेट बनतो. पण पांढरेपणातील हा फरक मुख्यतः पाणी उडून गेल्याने पडतो.)

खडूचा एकेक कण खरे तर पारदर्शकच असतो, काचेच्या चुऱ्यासारखा. प्रकाश हवेतून कणात आणि कणातून पुन्हा हवेत जाताना प्रत्येक पृष्ठभागावर थोडा वळतो, थोडा परत फिरतो. असे हजारो पृष्ठभाग असले की प्रकाश सर्व दिशांना विखुरतो आणि आपल्याला पांढरा दिसतो. हे विखुरणे दोन्ही माध्यमांच्या अपवर्तनांकांतील फरकावर अवलंबून असते. हवेचा अपवर्तनांक १, पाण्याचा १.३३ आणि खडूचा साधारण १.५ ते १.६. कणांमधल्या फटीत हवा असेल तर फरक मोठा, पाणी भरले तर फरक लहान. म्हणून ओला खडू अंधुक दिसतो.

दुकानात मिळणाऱ्या चांगल्या पांढऱ्या रंगात बहुधा टायटॅनियम डायऑक्साइड असते. त्याचा अपवर्तनांक सुमारे २.७ आहे. त्यामुळे तेलात किंवा पाण्यात कालवूनही ते प्रकाश जोरात विखुरते आणि खालचा रंग झाकून टाकते. निळ्या रंगात असा पांढरा मिसळला, की निळ्या कणांत शोषला जाण्यापूर्वीच बराचसा प्रकाश पांढऱ्या कणांवरून परत फिरतो. जे मिळते ती उजळ छटा.

जलरंगात पांढरा न वापरता नुसते पाणी घालूनही रंग उजळ करता येतो. तेथे पांढऱ्याचे काम कागद करतो. प्रकाश रंगाच्या पातळ थरातून खाली जातो, कागदावर आपटतो आणि पुन्हा त्याच थरातून वर येतो. थर जितका पातळ, तितका कागदाचा पांढरेपणा अधिक.

मातीची गडद छटा

हीच गोष्ट उलट्या बाजूने शेतात दिसते. काळ्या मातीवर पाणी पडले की ती आणखी काळी होते. पाण्याला तर स्वतःचा रंग नाही, मग माती गडद कशी झाली? मातीच्या कणांमधील हवेची जागा पाण्याने घेतली, अपवर्तनांकांतील फरक कमी झाला आणि प्रकाश लगेच परत फिरण्याऐवजी अधिक खोल शिरला. खोल शिरलेला प्रकाश शोषला जाण्याची शक्यता वाढते. म्हणून ओली माती, ओला दगड, ओला कपडा हे सगळे गडद दिसतात.

पावसानंतर शेताचा वरचा थर हळूहळू उजळू लागतो. वाफसा आला की नाही हे शेतकरी ढेकूळ हातात घेऊन पाहतोच, पण त्याआधी त्याची नजर मातीच्या छटेवरून गेलेली असते. जेथे पावसाचा प्रत्येक मिलिमीटर मोलाचा आहे, तेथे एका रंगाच्या दोन छटांतील फरक ओळखणे ही केवळ चित्रकाराची हौस राहत नाही.

थेंब मोजा

आता एक प्रयोग. साहित्य स्वस्त आहे : कपड्यांना घालायची नीळ (भुकटी मिळाल्यास उत्तम, नाहीतर निळा पोस्टर रंग), पांढरा पोस्टर रंग किंवा खडूची बारीक वस्त्रगाळ भुकटी, आणि बांधणीसाठी डिंकाचे पाणी. चुना मात्र मुलांच्या हाती देऊ नये. तो डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते.

निळ्या रंगाचे दाटसर द्रावण करा. सात वाट्यांत एकेक चमचा सारखा पांढरा रंग घ्या आणि त्यांत अनुक्रमे ०, ५, १०, १५, २०, २५ आणि ३० थेंब निळा घाला. प्रत्येक मिश्रणाचा एक पट्टा कागदावर ओढा. आता दुसऱ्या सात वाट्यांत ०, १, २, ४, ८, १६ आणि ३२ थेंब घालून तसेच पट्टे ओढा. वाळल्यावर दोन्ही रांगा शेजारी ठेवा.

पहिल्या रांगेत पांढऱ्यावरून एकदम मोठी उडी दिसेल आणि शेवटचे दोन-तीन पट्टे जवळपास सारखे वाटतील. थेंब मात्र दर वेळी पाचच वाढवले होते. दुसऱ्या रांगेत थेंब दुप्पट होत गेले, तरी पायऱ्या बऱ्याच सारख्या दिसतील. याची दोन कारणे आहेत. एक रंगाचे : पांढऱ्यात पहिले निळे कण येतात तेव्हा ते बरेच काम करतात. नंतर येणाऱ्यांना शोषायला प्रकाशच कमी उरतो. दुसरे कारण डोळ्यांचे. आपली ज्ञानेंद्रिये बेरजेने नव्हे, तर पटीने मोजतात. अंधाऱ्या खोलीत एक मेणबत्ती लावली तर फरक कळतो, शंभर मेणबत्त्यांत एक वाढवली तर कळत नाही. एर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने हे वजनांच्या बाबतीत तपासले होते. गुस्ताव फेक्नर याने १८६० मध्ये त्याला गणिती रूप दिले.

चित्रकलेत याचा उपयोग आल्बर्ट मन्सेल या अमेरिकी कलाशिक्षकाने केला. रंगांची नावे मुलांना नेमकेपणाने शिकवता येत नाहीत, ही त्याची अडचण होती. त्यातून त्याने १९०५ मध्ये एक रंगपद्धती मांडली. प्रत्येक रंगाचे तीन गुण : रंगाची जात, त्याचा उजळपणा आणि त्याचा चोखपणा. उजळपणाला त्याने काळ्यासाठी ० आणि पांढऱ्यासाठी १० असे क्रमांक दिले. गंमत अशी, की डोळ्यांना बरोबर मध्यावर वाटणारा ५ क्रमांकाचा करडा रंग निम्मा प्रकाश परावर्तित करीत नाही. तो करतो फक्त सुमारे २० टक्के. मातीशास्त्रज्ञ आजही मातीचा रंग मन्सेलच्या पट्ट्यांशी ताडून नोंदवतात, आणि माती ओली की सुकी होती हेही सोबत लिहितात. का, ते वर आलेच आहे.

काळा जपून वापरा

पांढऱ्यापेक्षा काळा मिसळणे अवघड. एक-दोन थेंबांतच सगळे झाकोळते. शिवाय रंगाची जातही बदलल्यासारखी वाटते. पिवळ्यात काळा मिसळून पाहा, पिवळ्याची गडद छटा मिळण्याऐवजी शेवाळी हिरवट रंग मिळेल. नारिंगीत मिसळला तर तपकिरी. तपकिरी हा वेगळा रंग नसून काळवंडलेला नारिंगीच आहे, हे मुलांना प्रथम खरे वाटत नाही.

म्हणून पहिल्या एकरंगी चित्रासाठी पिवळा निवडू नये. तो मुळातच इतका उजळ असतो, की पांढऱ्याच्या बाजूला त्याला जागाच उरत नाही. निळा, तपकिरी किंवा गेरू यांना दोन्ही बाजूंना भरपूर छटा मिळतात. गेरू म्हणजे लोहाच्या ऑक्साइडयुक्त माती, ती फुकटही मिळू शकते.

आणखी एक पथ्य. एकाच मध्यम निळ्या छटेचे दोन चौकोन कापा. एक पांढऱ्या कागदावर, दुसरा गडद निळ्या कागदावर चिकटवा. पांढऱ्यावरचा चौकोन गडद वाटेल, दुसरा उजळ. फ्रान्समधील रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल एका सरकारी विणकाम कारखान्याच्या रंगविभागाचा प्रमुख होता. काही रंग फिके पडतात अशी तक्रार आली, तेव्हा दोष रंगात नसून शेजारच्या रंगात आहे असे त्याला आढळले. त्यावरचा त्याचा ग्रंथ १८३९ मध्ये प्रसिद्ध झाला. छटेला एकटे अस्तित्व नसते, ती शेजाऱ्यांमुळे ठरते.

अजिंठा आणि गायतोंडे

हे सगळे चित्रकारांनी विज्ञानाच्या आधीच हाताने ओळखले होते. अजिंठ्याच्या भिंतींवर गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरी माती असे मोजकेच रंग प्रामुख्याने वापरलेले दिसतात. पण चेहऱ्याची गोलाई दाखवताना त्याच त्वचेच्या रंगाची कडेला गडद आणि नाकावर, हनुवटीवर उजळ छटा दिली आहे. प्राचीन चित्रशास्त्रात या छटाकामाला 'वर्तना' असे नाव आहे.

आधुनिक काळात एका रंगाच्या छटांचा खोलवर विचार करणारे चित्रकार म्हणजे वासुदेव गायतोंडे. त्यांचा जन्म १९२४ साली नागपुरात झाला, घराणे मूळचे गोव्याचे. मुंबईच्या सर ज. जी. कला विद्यालयातून १९४८ मध्ये त्यांनी पदविका घेतली. १९७१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या नंतरच्या चित्रांत ना डोंगर ना माणूस. बहुधा एकच रंग सगळ्या पटावर पसरलेला असतो आणि त्याच्या उजळ-गडद छटांतून आतून प्रकाश येत असल्यासारखे वाटते. रोलर आणि पट्टीसारखी सुरी वापरून ते रंगाचे थर चढवीत आणि काही ठिकाणी काढूनही टाकीत. खालचा थर वरच्यातून किती दिसावा, याचा हा हिशेब होता. वर आपण पाहिलेला पातळ थराचा आणि कागदाचाच तो नियम. वर्षाकाठी त्यांची मोजकीच चित्रे पूर्ण होत. २०१४-१५ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरवले.

पाण्याचा नकाशा

आता पुन्हा हिवरे बाजारला येऊ. या गावात दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पाऊस किती पडला, विहिरींत पाणी किती आहे, पिण्यासाठी, जनावरांसाठी किती राखायचे, हे पाहून रब्बीला कोणती पिके घ्यायची ते ग्रामसभेत ठरते. असे आकडे सगळ्यांना एका दृष्टिक्षेपात कळावेत, तर ते नकाशावर कसे दाखवावे?

आपल्या गावासाठी हा उपक्रम करून पाहा. समजा, सहा विहिरींत जमिनीपासून पाणी ३, ५, ८, १२, १७ आणि २४ मीटर खोल लागले. (हे आकडे नमुन्याचे आहेत, मुलांनी आपल्या गावातले मोठ्यांच्या सोबतीने मोजून आणावेत.) गावाच्या नकाशाच्या दोन प्रती घ्या. एकीवर सहा विहिरींच्या परिसरांना लाल, पिवळा, हिरवा, जांभळा असे सहा वेगळे रंग द्या. दुसरीवर निळ्याच्या सहा छटा द्या, पाणी वर असेल तेथे गडद, खोल गेले असेल तेथे उजळ. मग दोन्ही नकाशे ज्याने आकडे पाहिले नाहीत अशा व्यक्तीला दाखवून विचारा, 'पाणी कोठे कमी होत गेले आहे?'

पहिल्या नकाशात दर वेळी सूची पाहावी लागते. जांभळा हिरव्यापेक्षा जास्त की कमी, हे रंग स्वतः सांगत नाहीत. दुसऱ्या नकाशात क्रम डोळ्यांना आपोआप दिसतो. ही युक्ती जुनी आहे. १८२६ साली फ्रान्समध्ये शार्ल द्युपँ याने देशाच्या जिल्ह्यांतील शालेय शिक्षणाची स्थिती पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या छटांनी नकाशावर दाखवली. शिक्षण कमी तेथे काळोख जास्त. आकड्यांचे तक्ते जे सांगू शकले नव्हते, ते त्या नकाशाने एका नजरेत सांगितले. छटांच्या अशा नकाशांची सुरुवात त्यापासून मानली जाते, आणि तिचा विषय शाळा होता हे आपण शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

एकरंगी नकाशाचे आणखी दोन फायदे आहेत. काही मुलांना, विशेषतः मुलग्यांना, जन्मतःच लाल आणि हिरवा यांतील फरक नीट कळत नाही. बऱ्याचदा हे त्यांच्या शिक्षकांनाही माहीत नसते आणि मूल 'ढ' ठरते. उजळ-गडद मात्र त्यालाही कळते. दुसरे, अशा नकाशाची काळी-पांढरी छायाप्रत काढली तरी क्रम बहुतांशी टिकून राहतो.

पण छटा फसवूही शकतात. सहापेक्षा जास्त छटा घेतल्या, तर शेव्हरलचा नियम आडवा येतो : गडद शेजाऱ्यांमधली मध्यम छटा उजळ वाटते आणि विहिरीत आहे त्याहून कमी पाणी असल्याचा समज होतो. छटांच्या सीमा कोठे आखल्या यावरही चित्र बदलते. '१० मीटरपर्यंत सर्व गडद' असे ठरवले, तर ३ आणि ८ मीटर यांतील मोठा फरक नाहीसा होतो. अशा नकाशावरून कोणी रब्बीचे पीक ठरवले, तर चैत्रात टँकरची वाट पाहण्याची वेळ येईल. म्हणून नकाशासोबत आकडे आणि छटांची सूची हवीच, आणि छटा सम अंतराच्या दिसतील अशा, म्हणजे थेंब मोजून, केलेल्या हव्यात.

पुढच्या महिन्यात एक तास यासाठी ठेवा. पहिल्या अर्ध्या तासात डोंगरांच्या रांगांचे चित्र, दुसऱ्या अर्ध्यात विहिरींचा नकाशा, दोन्ही एकाच निळ्या रंगात. चित्र वर्गात लावा आणि नकाशा ग्रामपंचायतीच्या फलकावर. गावकरी त्यापुढे उभे राहून 'आपली विहीर कोठली?' असे विचारू लागले, की पाठ नीट झाला असे समजावे.